नट मालक होतो तेव्हा : निर्माते दादा कोंडके



दादा कोंडके यांचा विषय निघाला की बोलणे बहुधा दोन वाटांनी जाते. एक वाट हशाची. नाडी लोंबणारी ढगळ हाफ पँट, भाबडा चेहरा, आईला मारलेली हाक आणि थिएटरात उसळलेला हास्यकल्लोळ आठवून माणसे खूश होतात. दुसरी वाट नाक मुरडण्याची. द्व्यर्थी संवाद, सेन्सॉरशी झालेली भांडणे आणि घरच्यांसोबत बसून पाहता येणार नाहीत अशी शीर्षके, एवढ्यावर हा गट त्यांची फाईल बंद करतो. दोन्ही गट पडद्यावरच्या दादांविषयी बोलत असतात. आज मला पडद्यामागच्या दादांविषयी बोलायचे आहे, म्हणजे ज्याने पैसा उभा केला, माणसे निवडली, चित्रपट थिएटरात लावला आणि वर्षाला साधारण एकच चित्रपट करायचा हे पथ्य पाळले, त्या निर्मात्याविषयी. माझे म्हणणे असे की दादा कोंडके यांच्या कारकिर्दीतले सर्वांत मोठे कर्तृत्व निर्मात्याचे आहे. त्यांच्या अभिनयाचे यश आणि त्याच्या मर्यादा, दोन्हींचा उलगडा या निर्मात्याकडे पाहिल्याशिवाय होत नाही.

हा विषय खानदेशात मांडण्याला कारण आहे. चित्रपट मुंबईत, पुण्यात, कोल्हापुरात तयार होतो. पण तयार झालेला चित्रपट धंदा कसा करतो, हे जाणणाऱ्यांचे एक जुने ठाणे आपल्या भुसावळात आहे. मध्य भारतातल्या वितरकांची आणि प्रदर्शकांची संघटना असलेल्या सेंट्रल सर्किट सिने असोसिएशनचे कार्यालय तिथे आहे. मुंबई, नागपूर आणि उत्तर हिंदुस्थानकडे जाणारे रेल्वेमार्ग जिथे मिळतात, तिथे चित्रपटांच्या पेट्यांची ने-आण सोयीची होती. या सर्किटचा पसारा मध्य प्रदेश-राजस्थानापर्यंत असल्यामुळे त्यात हिंदी चित्रपटाचे वजन मोठे आणि मराठीचे लहान, हे ओघाने आलेच. मराठी निर्मात्याला खानदेश-विदर्भातल्या मराठी प्रेक्षकापर्यंत पोचायचे तर हिंदीच्या बाजारातून वाट काढावी लागे. पुण्या-मुंबईत बसून मराठी सिनेमाचा इतिहास लिहिणाऱ्यांच्या नजरेतून ही गोष्ट सहसा निसटते. खानदेशातल्या श्रोत्यांना ती समजावून सांगावी लागत नाही.

नटाला निर्माता व्हावेसे का वाटते, याचे उत्तर पुष्कळदा हौस किंवा हाव असे दिले जाते. ते अपुरे आहे. मूळ कारण कायद्यात आणि व्यवहारात आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याने चित्रपटाचा कर्ता म्हणून त्याच्या मालकाला, म्हणजे व्यवहारात निर्मात्याला, मान्यता दिली. ज्याच्या चेहऱ्यावर तिकिटे विकली जातात त्या नटाला चित्रपटाच्या मालकीत कसलाही वाटा नव्हता. कलावंताच्या सादरीकरणाला संरक्षण देणारे कलम कायद्यात आले ते १९९४च्या दुरुस्तीने, आणि तेव्हाही चित्रपटात काम करायला एकदा संमती दिली की त्या हक्काचा जोर संपत असे. व्यापारी वापरातून काही मानधन मिळण्याची सोय २०१२च्या दुरुस्तीने झाली. म्हणजे १९७१ साली, जेव्हा दादांनी आपला पहिला चित्रपट काढला, तेव्हा मराठी नटापुढे दोन पर्याय होते. ठरलेली बिदागी घेऊन घरी जायचे आणि आपला चित्रपट पुढे कितीही वर्षे चालला तरी त्याकडे लांबून पाहायचे, किंवा धोका पत्करून स्वतःच मालक व्हायचे. नट निर्माता होतो तेव्हा तो आपल्या श्रमावरची मालकी मागत असतो. या दृष्टीने पाहिले की दादांच्या पुष्कळ निर्णयांचा अर्थ लागू लागतो.

जगाच्या पडद्यावर ही लढाई पहिल्यांदा ठळकपणे लढला तो लंडनमध्ये जन्मलेला एक विनोदी नट. चार्ली चॅप्लिन १९१४ साली कीस्टोन कंपनीच्या चित्रपटांत दिसू लागला तेव्हा तो आठवड्याला दीडशे डॉलर घेणारा पगारी माणूस होता. दोनच वर्षांत म्युच्युअल कंपनी त्याला आठवड्याला दहा हजार डॉलर देऊ लागली. एवढ्यावर सुखी होणे कोणालाही शक्य होते. पण चॅप्लिनने पुढच्या करारात पगारापेक्षा हक्कांकडे लक्ष दिले, १९१८मध्ये स्वतःचा स्टुडिओ उभारला आणि १९१९मध्ये मेरी पिकफर्ड, डग्लस फेअरबँक्स व दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांच्यासह युनायटेड आर्टिस्ट्स ही कंपनी काढली. ही कंपनी वितरणाची होती. मोठ्या कंपन्या एकत्र येऊन नटांच्या मोबदल्याला लगाम घालणार अशी हवा होती, आणि चित्रपट बनवण्याची सोय असूनही तो प्रेक्षकापर्यंत नेण्याची वाट दुसऱ्याच्या हातात असेल तर मालकीला अर्थ राहत नाही, हे या चौघांनी ओळखले होते. बोलपटांनी मूकपट जवळजवळ संपवले असताना, १९३१ साली, चॅप्लिनने 'सिटी लाइट्स'मध्ये संवाद ठेवले नाहीत. तो नोकर असता तर हा निर्णय त्याला घेऊच दिला गेला नसता.

दादांना मराठीतले चॅप्लिन म्हणण्याची हौस आपल्याकडे आहे. ढगळ पोशाख आणि गरिबाचा भाबडेपणा एवढ्या साम्यावर ती उपमा तोललेली असते, आणि तेवढ्यावर ती फारशी टिकत नाही. चॅप्लिनचा विनोद शरीराचा आहे, दादांचा जिभेचा आहे. चॅप्लिनचा भटक्या जगात एकटा असतो. दादांच्या नायकाच्या पाठीशी बहुधा आई असते, गाव असते, शिव्या देणारे आणि जीव लावणारे शेजारी असतात. दोघांमधले खरे साम्य मालकीत आहे. प्रेक्षक आपल्यासाठी येतो, तर चित्रपटही आपलाच असला पाहिजे, हा विचार दोघांनी टोकाला नेला.

मात्र दादांनी हा धडा हॉलिवुडकडून घ्यावा, अशी गरज नव्हती. महाराष्ट्रात तो तमाशाच्या फडात आधीपासून होता. फडाचा मालक पुष्कळदा स्वतःच आघाडीचा कलावंत असे. विठाबाई नारायणगावकर यांचे नाव फडाला असे, त्या स्वतः नाचत, गात आणि फडाचा संसारही तोलत. कलावंतांना उचल द्यायची, नारायणगावच्या राहुट्यांत सुपाऱ्या घ्यायच्या, जत्रांच्या तारखा जुळवायच्या, ट्रक-तंबूचा खर्च भागवायचा आणि रात्री बोर्डावर उभे राहायचे, हे सारे एकाच डोक्यात चालते. खानदेशातल्या जत्रांच्या हंगामात फिरलेल्या फडांनी हे अर्थकारण आपल्या गावांतही दाखवले आहे. इथे कलावंत आणि मालक यांच्यात भिंत नसते, आणि प्रेक्षक पांगला तर पहिली झळ मालकाला बसत असल्याने प्रेक्षकाची नाडी ओळखणे हा चैनीचा भाग उरत नाही.

याच्या उलट उदाहरणही जळगावकरांच्या परिचयाचे आहे. बालगंधर्वांच्या बालपणातला काही काळ जळगावात गेला आणि त्यांच्या नावाचे खुले नाट्यगृह या शहरात आहे. १९१३मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. पुढे कंपनीच्या कर्जाचा सगळा भार बालगंधर्वांनी स्वतःच्या शिरावर घेतला. रंगभूमीवरचे वैभव त्यांनी कधी कमी होऊ दिले नाही आणि वहीतला आकडा त्या वैभवाच्या आड कधी येऊ दिला नाही. चित्रपटाकडेही ते प्रभात फिल्म कंपनीच्या भागीदारीने वळले. १९३५मध्ये 'धर्मात्मा' आला, व्ही. शांताराम यांनी तो दिग्दर्शित केला, बालगंधर्व त्यात संत एकनाथ झाले, आणि ती भागीदारी तिथेच संपली. एवढा मोठा कलावंत मालक म्हणून का थकला, याचे उत्तर त्यांच्या उदारपणात शोधले जाते. मला ते दुसरीकडे दिसते. मालकी हे वेगळे काम आहे, त्याला वेगळे कौशल्य लागते, आणि प्रतिभा कितीही असली तरी ते काम परस्पर होत नाही. शांताराम स्वतः 'सावकारी पाश'मध्ये १९२५ साली नायक होते. नटाचा निर्माता होण्यात त्यांना यश आले, कारण त्यांनी ते काम मुळापासून शिकून घेतले होते. दादा कोंडके या दुसऱ्या जातीचे होते.

त्यांचा निर्माता होण्यापर्यंतचा प्रवास थोडक्यात पाहू. कृष्णा कोंडके यांचा जन्म ८ ऑगस्ट १९३२चा, मुंबईच्या गिरणगावात. घराचे मूळ भोरजवळच्या इंगवलीचे. बँड वाजवणे, 'अपना बाजार'मधली नोकरी आणि राष्ट्र सेवा दलाचे कलापथक अशी त्यांची शाळा होती. सेवा दल म्हटले की खानदेशाला साने गुरुजी आणि अमळनेर आठवणारच. कलापथकांनी लोककलेचा साचा घेऊन त्यात समकालीन टीका भरण्याची जी रीत पाडली, तिच्यातून निळू फुले आले आणि दादाही आले. वसंत सबनीस यांनी लिहिलेले 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य १९६५च्या सुमारास रंगभूमीवर आले आणि त्याचे दीड हजारांवर प्रयोग झाले. दीड हजार प्रयोग ही नटाची कमाई आहेच, पण तेवढ्याच वेळा गावोगावचा प्रेक्षक कुठे हसतो, कुठे कंटाळतो, कोणत्या दराचे तिकीट घेतो, हे समोरासमोर पाहायला मिळणे ही निर्मात्याची शिदोरी आहे. आशा भोसले यांनी हा प्रयोग पाहून दिग्दर्शक भालजी पेंढारकरांकडे दादांचे नाव सुचवले. १९६९च्या 'तांबडी माती'मध्ये ते पडद्यावर आले आणि त्या चित्रपटाला मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अशा सुरुवातीनंतर बाहेरची कामे स्वीकारत राहणे हा कोणत्याही नटाचा सरळ मार्ग ठरला असता.

दादांनी दोन वर्षांत स्वतःचा चित्रपट काढला. 'सोंगाड्या' १९७१चा. त्याचे लेखन सबनीसांचे, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णींचे, संगीत राम कदमांचे, सोबत उषा चव्हाण आणि निळू फुले. ही निवड लक्षात घेण्यासारखी आहे. पहिल्याच चित्रपटात दिग्दर्शनही स्वतःच करण्याचा मोह दादांनी टाळला. दिग्दर्शक म्हणून त्यांचे नाव लागले ते चार वर्षांनी, १९७५च्या 'पांडू हवालदार'ला. आधी निर्माता व्हायचे, धंदा समजून घ्यायचा, मग दिग्दर्शनाला हात घालायचा, असा हा क्रम आहे. हौशी नटनिर्माते बहुधा उलटा क्रम लावतात आणि पहिल्याच उडीत सगळे गमावतात.

'सोंगाड्या'च्या वेळी दादरच्या कोहिनूर थिएटरात जे घडले ते सर्वश्रुत आहे. थिएटर मराठी चित्रपटाऐवजी देव आनंदच्या 'तेरे मेरे सपने'ला देण्याचे घाटत होते आणि शिवसेनेने दादांची बाजू घेतल्यावर 'सोंगाड्या' तिथे लागला. ही कथा अस्मितेची म्हणून सांगितली जाते. तिच्यातले व्यापाराचे अंग मात्र दुर्लक्षित राहते. 'तेरे मेरे सपने' ही नवकेतनची निर्मिती होती, आणि नवकेतन ही देव आनंदने १९४९मध्ये काढलेली कंपनी. म्हणजे थिएटरच्या एका पडद्यासाठी दोन नटनिर्माते समोरासमोर होते. एकाच्या मागे देशभराचा बाजार होता, दुसऱ्याच्या मागे एकच राज्य आणि त्यातही मोजके पडदे. चित्रपट तयार होणे ही अर्धीच लढाई आहे, खरी लढाई थिएटरच्या दारात होते, हे दादांना पहिल्याच चित्रपटात कळले.

त्यानंतरची यादी पाहा. 'एकटा जीव सदाशिव' १९७२, 'आंधळा मारतो डोळा' १९७३, 'पांडू हवालदार' १९७५, 'तुमचं आमचं जमलं' १९७६, 'राम राम गंगाराम' १९७७, 'बोट लावीन तिथं गुदगुल्या' १९७८, 'ह्योच नवरा पाहिजे' १९८०, 'आली अंगावर' १९८२. 'सोंगाड्या' धरून बारा वर्षांत नऊ चित्रपट. लागोपाठ नऊ चित्रपटांचा रौप्यमहोत्सव, म्हणजे पंचवीस आठवड्यांचा मुक्काम, ही त्यांची नोंद गिनेस बुकात गेली. मला या यादीत आकड्यांइतकेच महत्त्वाचे वाटते ते चित्रपटांमधले अंतर. त्या काळात लोकप्रिय नटाला वर्षात अनेक चित्रपट मिळत आणि तो ते घेई. दादा मुख्यतः स्वतःच्याच चित्रपटांत दिसले. ज्या प्रेक्षकाला दादा पाहायचे होते त्याला त्यांच्या पुढच्या चित्रपटाची वाट पाहावी लागे. बाजारात माल किती सोडायचा हे ज्याच्या हातात असते तोच भाव ठरवतो, ही गोष्ट कापूस पिकवणाऱ्या खानदेशाला सांगायला नको. नट म्हणून दादांनी पुष्कळ पैसा सोडला आणि निर्माता म्हणून तो कमावला.

त्यांच्या व्यवस्थेतला दुसरा खांब म्हणजे ठरलेला संच. उषा चव्हाण नायिका, रत्नमाला आई, गाणी महेंद्र कपूर आणि उषा मंगेशकर यांच्या आवाजात. पुढे संवादांना राजेश मुजुमदार. 'पांडू हवालदार'साठी त्यांनी सुरेंद्र आणि विजय पाटील या दोन तरुणांना राम-लक्ष्मण हे नाव देऊन संगीतकार केले. अशोक सराफ यांना मोठा प्रेक्षक मिळाला तोही याच चित्रपटातून. फडाचा हाच नियम असतो. माणसे ओळखीची असली की तालमीचा वेळ वाचतो, भांडणे कमी होतात, प्रत्येकाचे बळ मालकाला माहीत असते आणि प्रेक्षकालाही जुनी माणसे पुन्हा भेटल्याचा आनंद होतो. चित्रपटाच्या अंदाजपत्रकात वेळ ही सर्वांत महागडी बाब असते. दादांनी ती संचाच्या जोरावर आटोक्यात ठेवली.

तिसरा खांब प्रेक्षकाची ओळख. गिरणगावात राहणारा माणूस मनाने गावाकडे असतो. पगार मुंबईचा, सण गावचा. दादा स्वतः त्या वर्गातले असल्यामुळे त्यांचा नायक खेड्यातला असूनही शहरी बोलीचा चावटपणा जाणणारा झाला. हा प्रेक्षक मुंबईपुरता नव्हता. जळगावची खानदेश मिल, अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल आणि चाळीसगावची गिरणी यांच्या भोंग्यांवर ज्यांचे दिवस उगवत, त्यांचीही घडण अशीच होती. मध्यमवर्गीय दिवाणखान्याचा सिनेमा त्यांच्यासाठी नव्हता आणि हिंदी सिनेमातल्या बंगल्यांशी त्यांचे नाते स्वप्नापुरते होते. आपल्यासारखा बोलणारा, आपल्याइतकाच घाबरणारा आणि शेवटी पाटलाला किंवा फौजदाराला उल्लू बनवणारा नायक त्यांना दादांनी दिला.

आता या मताला येणारे आक्षेप घेऊ. पहिला आक्षेप असा की हे सारे यश चावटपणाचे, त्यात निर्मात्याचे कौशल्य कसले? पण चावटपणा कोणाच्या मक्त्याचा नव्हता. दादांचे यश पाहून तसे संवाद लिहिणे कोणालाही शक्य होते, तरी तसा सलग मुक्काम कोणाला साधला नाही. शिवाय 'सोंगाड्या' आणि 'एकटा जीव सदाशिव' यांचा जोर भाबड्या माणसाच्या फजितीवर आहे. 'एकटा जीव सदाशिव'चा सांगाडा घेऊन २००० साली गोविंदाला नायक करून 'जिस देश में गंगा रहता है' हा हिंदी चित्रपट निघाला, तो कथेच्या बळावर. मात्र या आक्षेपातला एक भाग मी मान्य करतो. पुढच्या चित्रपटांत द्व्यर्थ हा मसाला न राहता जेवणच झाला, आणि त्या विनोदाची किंमत बहुधा स्त्रीपात्रांनी मोजली. तमाशातल्या सवाल-जवाबात बाई उलटून बोलते, पुरुषाला निरुत्तर करते. दादांच्या उत्तरार्धातल्या नायिकांना ती जागा क्वचितच मिळाली. परंपरेचा आधार घेणाऱ्याने परंपरेतली ही बरोबरीही घ्यायला हवी होती.

दुसरा आक्षेप राजकीय पाठबळाचा. बाळासाहेब ठाकरे उभे राहिले नसते तर दादा कुठले, असे म्हटले जाते. कोहिनूरपुरते ते खरे आहे. पण दडपणाने चित्रपट लावून घेता येतो, पंचवीस आठवडे खुर्च्या भरता येत नाहीत. शिवाय १९६६मध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेचे बळ १९७१ साली मुंबई-ठाण्याच्या परिसरात होते. ग्रामीण महाराष्ट्रात ती रुजली ती ऐंशीच्या दशकात. सत्तरच्या दशकात कोल्हापूर, सोलापूर किंवा खानदेशातल्या प्रेक्षकाने दादांना उचलून धरले, त्यामागे कोणत्याही शाखेचा हात दाखवता येणार नाही. सरकारी करपरताव्याचेही तसेच. सत्तरच्या दशकात मराठी निर्मात्याला करमणूक कराची रक्कम पुढच्या चित्रपटासाठी परत मिळू लागली. पण आधी तिकिटे विकली गेली तरच कर जमा होणार आणि पुढचा चित्रपट काढला तरच तो परत मिळणार. ती योजना सातत्याने चित्रपट काढणाऱ्यालाच उपयोगाची होती. तिने दादांना घडवले नाही, दादांसारख्यांना टिकायला मदत केली.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. मालकी मिळवून दादांनी तिचे काय केले? चॅप्लिनने 'मॉडर्न टाइम्स'नंतर, म्हणजे १९३६नंतर, आपला लाडका भटक्या बाजूला ठेवला. १९४०मध्ये 'द ग्रेट डिक्टेटर'मध्ये हिटलरची टर उडवली, १९४७मध्ये 'मस्यू व्हेर्दू'सारखा कडवट चित्रपट काढला आणि अमेरिकेत त्याची किंमतही मोजली. रिचर्ड ॲटनबरो हा दुसरा इंग्रज नट. १९६०मध्ये 'द अँग्री सायलेन्स' या चित्रपटाला पैसे कमी पडत होते, तेव्हा त्याने आणि त्याच्या साथीदारांनी आधी मोबदला न घेता काम केले, कारण संपाच्या वेळी एकट्या पडलेल्या कामगाराची ती गोष्ट दुसरा कोणी निर्माता करायला तयार होणे अवघड होते. तोच माणूस वीसेक वर्षे झगडून १९८२मध्ये 'गांधी' पडद्यावर आणतो. या दोघांनी मालकीचा उपयोग स्वतःला बदलण्यासाठी केला. दादांनी तो स्वतःला पुन्हा पुन्हा सादर करण्यासाठी केला. 'तांबडी माती'त भालजींनी त्यांच्यातला जो नट दाखवला होता, त्याला निर्माते दादांनी वेगळी भूमिका दिली नाही. 'विच्छा'मधला सत्तेची खिल्ली उडवणारा शाहीरही हळूहळू मागे पडला.

यावर असे उत्तर देता येईल, आणि ते अगदीच पोकळ नाही, की चॅप्लिनपुढे जगाची बाजारपेठ होती. त्याचा एक चित्रपट पडला तरी दहा देशांतले जुने चित्रपट कमाई करत राहत. मराठी निर्मात्याचा एक चित्रपट पडला की पुढचा निघेलच याची शाश्वती नसते. बाजार अरुंद असला की प्रयोगाची किंमत वाढते. ती अरुंद चौकट ओलांडायचा प्रयत्न दादांनी केला. 'पांडू हवालदार' गुजरातीत 'चंदू जमादार' झाला, आणि १९८४च्या 'तेरे मेरे बीच में'पासून त्यांनी हिंदी चित्रपट काढले. तिथेही त्यांनी नवे काही न नेता जुनाच साचा नेला. म्हणून हे उत्तर मी अर्धेच स्वीकारतो. पहिल्या दोन-तीन चित्रपटांच्या वेळी सावधपणा शहाणपणाचा होता. सात-आठ यशस्वी चित्रपटांनंतर एक वेगळा चित्रपट काढून पाहण्याइतकी ताकद त्यांच्याकडे नक्कीच होती. ती त्यांनी वापरली नाही, हा निर्माते दादांवरचा दोष मी कायम ठेवतो.

चौथा मुद्दा संस्थेचा. प्रभात हा स्टुडिओ होता, त्यातून माणसे घडली, आजही त्याच्या आवारात चित्रपटाचे शिक्षण दिले जाते. दादांची संस्था त्यांच्या एका देहावर उभी होती आणि १४ मार्च १९९८ रोजी त्यांच्या निधनाबरोबर ती थांबली. हे खरे असले तरी वारसा इमारतींचाच असतो असे नाही. १९८५मध्ये 'धूमधडाका' घेऊन महेश कोठारे आले, तेही बालनट म्हणून सुरुवात केलेले निर्माते. त्यांनी अशोक सराफ यांना घेऊन पुढच्या पिढीचा विनोदी चित्रपट उभा केला. राम-लक्ष्मण हे दादांनी दिलेले नाव 'मैंने प्यार किया' आणि 'हम आपके हैं कौन'मधून देशभर गेले. नट स्वतः पैसा घालून मराठी चित्रपट काढू शकतो आणि त्यातून उभा राहू शकतो, हा विश्वास दादांनी मराठी नटाला दिला. स्मिता तळवलकर, पुढे रितेश देशमुख अशी जी रांग दिसते, तिच्या आवडी दादांहून अगदी निराळ्या आहेत. तरी मराठी चित्रपट धंदा करू शकतो हे त्यांच्याआधी दादांनी सिद्ध करून ठेवले होते.

मालकीचा हा विचार आज खानदेशात जास्त गरजेचा आहे. मालेगावात नासिर शेख यांनी व्हिडिओ पार्लर चालवता चालवता प्रेक्षक ओळखला आणि मग 'मालेगाव के शोले' काढला. आधी प्रदर्शन, नंतर निर्मिती, हा क्रम त्यांना तारून गेला. आज अहिराणी गाणी आणि विनोदी चित्रफिती मोबाइलवर लाखो लोक पाहतात. त्यातल्या गुणी मुलामुलींना माझे सांगणे एवढेच की कॅमेऱ्यासमोर उभे राहण्याआधी कागद वाचा. वाहिनी कोणाच्या नावावर आहे, गाण्याचे हक्क कोणाकडे जातात, पुढच्या कमाईत तुमचा वाटा लिहिला आहे की नाही, हे विचारायला लाजू नका. पडदा खिशात आला म्हणून मालकीचा प्रश्न सुटलेला नाही.

आणि शेवटी एक आवाहन. आपल्या कायद्याप्रमाणे चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो. त्या हिशेबाने १ जानेवारी २०३२ रोजी 'सोंगाड्या' सर्वांचा होईल, आणि मग दर एक-दोन वर्षांनी त्या यादीतला पुढचा चित्रपट. चित्रपट तोवर कुठे तरी मिळतीलच. मिळणार नाहीत ती त्यांच्या व्यवहाराची कागदपत्रे: थिएटरांच्या रोजच्या विक्रीच्या वह्या, वितरकांचे करार, तंबू टॉकीजची परवाना-पत्रे, जाहिरातींची भित्तिपत्रके. ज्या धुळ्याने इतिहासाचार्य राजवाडे यांच्यामागे संशोधन मंडळ उभारून जुने दप्तर सांभाळले, आणि ज्या जळगावात बहिणाबाईंच्या नावाचे विद्यापीठ आहे, तिथे हे काम व्हावे. भुसावळच्या जुन्या वितरकांच्या आणि बंद पडलेल्या थिएटरांच्या वारसांनी ही कागदपत्रे रद्दीत घालण्याआधी या संस्थांना विचारावे, आणि संस्थांनी त्यांच्या विचारण्याची वाट न पाहता स्वतः त्यांच्या दारी जावे. दादांचा विनोद ज्याला आवडतो त्याने हे काम करावे आणि ज्याला आवडत नाही त्यानेही.